साठीतली घरे कशी जपावीत: गोव्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोव्यातील जुने घर म्हटले की मंगळुरी कौलांचे, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे, दारात बलकांव (बसायची सोय असलेली ओसरी) आणि आत राजांगण (घरातला चौक) असलेले घर डोळ्यांसमोर येते. त्या घरांवर पुस्तके निघाली आहेत, तोर्डा येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे आहे, आणि फोंताईन्हासच्या गल्ल्यांतून रोज माणसे छायाचित्रे काढत फिरतात. त्याच गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को आणि पणजी या शहरांत साधारण १९४० ते १९८० या काळात सिमेंट-काँक्रीटची एक निराळी पिढी उभी राहिली. गोलाकार वळण घेणारा सज्जा, जहाजावर असते तशी वर्तुळाकार खिडकी, सूर्यकिरणांच्या नक्षीचे लोखंडी ग्रिल, सिमेंटची जाळी आणि पायाखाली मोझाइकची लादी असलेली ही घरे आज बहुतांशी साठी-सत्तरीत आहेत. त्यांना जुनी म्हणायला कोणी तयार नाही आणि नवी म्हणून ती कोणाच्या मनात भरत नाहीत. म्हणूनच ती पाडली जातात तेव्हा शेजारीही फारसे हळहळत नाहीत.

मी म्हापशाची. आमचे घर याच पिढीतले असून गेली काही वर्षे मी आमच्या शहरातल्या अशा घरांची नोंद ठेवत आहे. ज्यांना आपल्या गावात किंवा शहरात हे काम सुरू करावेसे वाटते, पण कोठून सुरुवात करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. आरंभीच एक सांगते: कामाचा क्रम चुकवू नये. उत्साही मंडळी बहुधा आधी महोत्सव भरवतात, पदभ्रमंतीच्या जाहिराती करतात आणि मग घरमालकांकडे वळतात. आधी पाहणे, मग बोलणे, मग लिहिणे, मग घर कोरडे ठेवणे आणि शेवटी साजरे करणे, हा क्रम पाळला तरच घरातली माणसे तुमच्या बाजूने उभी राहतात, आणि घर टिकवायचे की पाडायचे हे अखेर तीच माणसे ठरवतात.

पहिले काम: पाहायला शिकणे

एकच गल्ली निवडावी. दुलेर, खोर्ली किंवा फेरा आल्त असा अख्खा भाग पहिल्या दिवशी अंगावर घेऊ नये. सकाळी साडेसातच्या सुमारास, ऊन तिरपे असताना, त्या गल्लीतून एकदा वही न काढता नुसते चालावे. तिरप्या उन्हात छज्जांच्या सावल्या लांब पडतात आणि दुपारी सपाट वाटणाऱ्या दर्शनी भिंतीवरचे पट्टे, खाचा, चौकटी उठून दिसतात.

घराचा काळ ओळखण्याची काही ढोबळ लक्षणे सांगता येतात. कौलारू छप्पर तसेच ठेवून त्याच्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांचा सिमेंटचा दर्शनी कठडा उभारलेला असेल, तर घर बहुधा या काळाच्या आरंभीचे आहे. कठडा बांधला की रस्त्यावरून घर आधुनिक दिसे आणि आत मात्र कौलांचा गारवा कायम राही. गोल कोपरे आणि एकाखाली एक तीन आडव्या रेघा ही मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींची आठवण आहे. तेथील आर्ट डेको इमारतींना शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांनी तोच घाट आपल्या गावी आणला. तिरके किंवा खाली निमुळते होत जाणारे खांब, सिमेंटची जाळी, पातळ आणि लांब पुढे आलेला छज्जा ही बहुधा साठच्या दशकातली खूण असते. खिडकीभोवती पेटीसारखी बाहेर आलेली चौकट आणि काचेच्या सरकत्या पट्ट्या दिसल्या, तर सत्तरचे दशक धरावे. ही लक्षणे पक्की मोजपट्टी म्हणून वापरू नयेत, कारण एखाद्या मेस्ताला, म्हणजे गवंडी-मिस्त्रीला, जी नक्षी हाताला बसली ती त्याने वीस वर्षे वापरली, आणि शहरात जुनी झालेली पद्धत खेड्यात नवी म्हणून पोचली. ग्रिलमध्ये किंवा फाटकावर वळवलेल्या सळईचे अंक आहेत का, हे मात्र आवर्जून पाहावे, कारण घराने आपले वर्ष स्वतःच लिहून ठेवल्याचे बऱ्याचदा आढळते.

या घरांमागचा पैसा कोठून आला हे माहीत असले की घर अधिक उलगडते. पन्नासच्या दशकात गोव्याचे लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानकडे जाऊ लागले आणि खाणीच्या व्यवसायाने अनेक कुटुंबांच्या हाती रोकड आणली. केनिया, युगांडा आणि टांगानिका येथे नोकरीला असलेल्यांनी पाठवलेला पैसा वेगळा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर नवी कार्यालये, शाळा आणि बँका आल्या, आणि डॉक्टर, वकील, शिक्षक, सरकारी कर्मचारी यांनी पहिल्यांदाच वडिलोपार्जित घरापासून वेगळे, आपल्या संसारापुरते घर बांधले. सत्तरच्या दशकात आखाताचा पैसा आला. पणजीच्या कांपाल भागात चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी याच दशकात उभी राहू लागली. पण घरांच्या बाबतीत मोठे वास्तुरचनाकार क्वचितच असत. आराखडाकार, मेस्त आणि मालक यांनी मिळून, कधी एखाद्या मासिकातले चित्र समोर ठेवून, ही घरे घडवली.

दुसरे काम: दारात जाणे

हे सर्वांत नाजूक काम आहे. अनोळखी माणूस वही-कॅमेरा घेऊन दारात आला आणि घराची चौकशी करू लागला, तर गोव्यात पहिली शंका जमिनीची येते, आणि ती रास्त आहे. बनावट जुन्या दस्तऐवजांच्या आधारे घरे आणि जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी झाली की त्यांच्या तपासासाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. म्हणून पहिल्या भेटीत सर्व्हे क्रमांक, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), वाटण्या किंवा मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क यांतले काहीही विचारू नये. ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन जावे, आपले नाव-गाव सांगावे, आणि प्रश्न घराविषयी नव्हे तर घर बांधणाऱ्यांविषयी विचारावा. ‘हे घर आजोबांनी बांधले का? तेव्हा ते कोठे होते?’ एवढ्यावरच माणसे बोलू लागतात. वयस्कर बाई असतील तर त्यांना आजी किंवा मावशी म्हणावे आणि त्यांच्याच वेळेने बोलू द्यावे.

चतुर्थीचे दिवस या भेटींसाठी उत्तम असतात, कारण मुंबई-पुण्याला गेलेली, परदेशात स्थिरावलेली सगळी मंडळी तेव्हा घरी असतात आणि घराची गोष्ट एकाच बैठकीत चार तोंडांनी ऐकायला मिळते. एका घरात दर्शनासाठी गेले असता मी सहज वर पाहिले, तर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधतात त्या मांडवीची, चौकट चार लोखंडी कड्यांना टांगलेली होती. त्या कड्या नंतर ठोकलेल्या नव्हत्या, स्लॅब ओततानाच त्यात बसवल्या होत्या. घरातील आजींनी सांगितले की सपाट छत घालायचे ठरले तेव्हा त्यांच्या सासूबाईंचा एकच प्रश्न होता, वासे नसतील तर माटोळी कशाला बांधायची? मेस्ताने सळ्यांच्या जाळीत कड्या अडकवून त्या प्रश्नाचे उत्तर दिले. तेव्हापासून मी प्रत्येक घरात आधी छताकडे पाहते. दारातली सिमेंटची तुळस हीदेखील अशीच पाहण्याजोगी गोष्ट आहे. घराच्या कठड्यावर ज्या पायऱ्या आणि ज्या रेघा असतात, त्याच अनेकदा वृंदावनावर लहान मापात उतरलेल्या दिसतात.

तिसरे काम: नोंदपत्र

प्रत्येक घरासाठी एकच कागद, दोन्ही बाजूंनी, पुरेसा आहे. पुढच्या बाजूला घराचे नाव, वाडा (वस्ती), बांधल्याचे वर्ष आणि ते कोणी सांगितले, बांधणाऱ्याचा व्यवसाय, मेस्ताचे किंवा आराखडाकाराचे नाव आठवत असल्यास ते, आणि नंतर झालेले बदल लिहावेत. मागच्या बाजूला हाताने काढलेला ढोबळ नकाशा आणि भिंत, लादी, ग्रिल, खिडक्या, जिना यांची आजची स्थिती असावी. ऐकीव माहिती आणि कागदावरून मिळालेली माहिती वेगवेगळ्या शाईने लिहिण्याची माझी पद्धत आहे, आणि तिचा पुढे फार उपयोग होतो. छायाचित्रे काढताना कॅमेरा सरळ धरावा, समोरून पूर्ण घर घ्यावे, मग कोपऱ्यावरून, आणि मग बारकावे. ग्रिल किंवा लादीचे छायाचित्र काढताना शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे पुढे कोणाला तसेच ग्रिल घडवायचे झाल्यास माप हाताशी राहील.

मूळ आराखडे बहुधा घरातच, लोखंडी कपाटात, निळ्या कागदाच्या गुंडाळीत असतात. विचारल्याशिवाय ती गुंडाळी निघत नाही. त्या काळातील वृत्तपत्रांतल्या सिमेंट, लादी आणि ग्रिल यांच्या जाहिरातींसाठी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस काढावा. दैनिक ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे मुक्तीनंतरच्या दशकासाठी मराठी वाचकाला सुरुवात तेथून करता येईल. मोजमापे घेण्याचे काम जड वाटत असेल, तर आल्तिनो येथील वास्तुकला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना विचारावे. शिकणाऱ्यांना मोजण्यासाठी खरे घर हवेच असते.

बंद घरांची यादी मात्र कधीही जाहीर करू नये. ज्या घराचे मालक परदेशात आहेत, त्याचा पत्ता छायाचित्रासह प्रसिद्ध करणे म्हणजे घर कोणाच्या लक्षात नाही, हे नको त्या माणसाला सांगणे होय.

चौथे काम: पाणी

एवढे सगळे करूनही घर हातचे गेले, तर बहुतेक वेळा ते पाण्याने जाते. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उतरत्या कौलांना तो झेलण्याची शेकडो वर्षांची सवय होती. सपाट गच्ची मात्र कोरड्या प्रदेशातली कल्पना आहे, आणि आपल्या या घरांचा खरा झगडा तेथे आहे.

काँक्रीटमधील सळई गंजते तेव्हा काय होते, हे प्रत्येक घरमालकाने समजून घ्यायला हवे. ताज्या काँक्रीटमध्ये क्षार, म्हणजे अल्कली, असतात आणि त्यांच्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो, तो क्षारपणा कमी होतो, आणि समुद्राजवळच्या घरांत खारी हवा त्यात भर घालते. मग सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते आणि शेवटी पोपडा सुटून खाली येतो. जुलै २०२३ मध्ये कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले, तेव्हा या पिढीच्या इमारतींच्या प्रकृतीची चर्चा सर्वत्र झाली. एवढ्या मोठ्या वास्तूला जी निगा लागते, ती आपल्या सज्जालाही लागते.

तपासणी घरच्या घरी सुरू करता येते. लाकडी हातोडीने किंवा जाड नाण्याने छज्जाच्या आणि सज्जाच्या खालच्या बाजूला हलके ठोकत जावे. घट्ट काँक्रीट टणक वाजते, सुटलेले पोकळ वाजते. पोकळ जागा खडूने आखून त्यांचे छायाचित्र ठेवावे आणि पुढच्या वर्षी ताडून पाहावे. पुढची परीक्षा अभियंत्याकडून करून घ्यावी. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण मारले की जेथे क्षार शाबूत आहेत तेथे ते गुलाबी होते, आणि जेथे संपले आहेत तेथे रंग येत नाही. रंग न येणारा पट्टा सळईपर्यंत पोचला आहे की नाही यावर दुरुस्ती किती खोल करायची हे ठरते. केवळ वरून सिमेंट लिंपणे हा उपाय नव्हे, कारण गंजलेली सळई पूर्ण मोकळी करून, घासून, तिला लेप देऊन मगच चांगल्या प्रतीच्या मसाल्याने भरायला हवे, नाहीतर दोन पावसाळ्यांत तोच पोपडा पुन्हा पडतो.

आता एक अगदी लहानशी गोष्ट. छज्जाच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच लांबच्या लांब गेलेली असते. पावसाचे पाणी कडेवरून खाली वळते, या खाचेपाशी अडते आणि थेंब होऊन जमिनीवर पडते, भिंतीपर्यंत पोचत नाही. आमच्या घराच्या खिडक्यांवर काळे ओघळ येऊ लागले तेव्हा आम्ही दोन वेळा गिलावा बदलला, वर महागडा जलरोधक रंग दिला आणि ओल तशीच राहिली. एके दिवशी शिडीवर चढून बोट फिरवले तेव्हा कळले की पन्नास वर्षांच्या रंगाच्या थरांनी ती खाच पूर्ण बुजली आहे. मोडक्या करवतीच्या पात्याने ती एका दुपारी मोकळी केली आणि त्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. चुकीचा सल्ला देणाऱ्या ठेकेदाराविषयी मनात राग होता, पण आपल्या घराच्या छज्जाखाली आपण कधी पाहिलेच नव्हते, हेही खरे होते.

गच्चीसाठी दर वर्षी मे महिन्यात निचऱ्याची तोंडे साफ करावीत, पाइपात पाणी ओतून ते खाली येते का पाहावे, आणि गच्चीवर झुकलेल्या फांद्या उतरवाव्यात. पहिल्या मोठ्या सरीनंतर गच्चीवर जावे आणि जेथे पाणी साचले असेल त्याच्या कडा खडूने आखाव्यात. गच्चीला दर शंभर सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, आणि आखलेली डबकी पाहिली की तो कोठे बिघडला आहे हे दिसते. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याचा सल्ला सहजपणे मान्य करू नये. प्रत्येक थराचे वजन त्याच जुन्या स्लॅबवर येते. गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालणे हा गोव्यात सर्रास होणारा उपाय आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला वाटत नाही, कारण गळक्या खोलीत झोपणाऱ्याला घराच्या रेषेपेक्षा कोरडी गादी महत्त्वाची असते. पण पत्रा घालायचाच असेल तर परवानगी घेऊन, शक्य तितका बुटका आणि दर्शनी कठड्यापासून आत घ्यावा, म्हणजे रस्त्यावरून कठड्याची रेघ आकाशावर उमटलेली दिसत राहील.

पाचवे काम: काय बदलावे आणि काय राखावे

स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि विजेच्या तारा खुशाल बदलाव्यात. साठ वर्षांपूर्वीच्या तारांवर आजची वातानुकूलन यंत्रे चालवणे धोक्याचेच आहे. राखायच्या गोष्टी थोड्याच आहेत: लादी, ग्रिल, जिन्याचा कठडा, खिडक्यांचे आकार आणि दर्शनी भाग. मोझाइकच्या लादीला अॅसिड कधीही लावू नये, कारण त्यातील संगमरवरी खडी आणि सिमेंट दोन्ही अॅसिडने झिजतात आणि एकदा गेलेली चकाकी पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. सौम्य साबण आणि पाणी पुरते, आणि फारच मळली असेल तर जाणकार कारागिराकडून दगडाने घासून पॉलिश करून घ्यावी. तिच्यावर चकचकीत टाइल्स बसवण्यापूर्वी निदान एका खोलीत पॉलिश करून पाहावे, असा माझा आग्रह असतो, आणि ती एक खोली पाहिल्यावर बहुतेक घरांनी टाइल्सचा विचार सोडला आहे. भिंती चिऱ्याच्या असल्यास बाहेरून हवाबंद रंग देऊ नये. चिरा पाणी पितो आणि त्याला ते बाहेर टाकायला वाट लागते.

सहावे काम: कागद आणि वारस

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यानुसार वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते, म्हणजे १९६५ च्या घराला त्या दारात जायला २०६५ उजाडेल. खरी अडचण बहुतेक वेळा वारसांची असते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने पत्नीचा अर्धा वाटा आणि सर्व मुलांचे हक्क सुरक्षित राहतात, आणि ही व्यवस्था गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यातही, जो २०१६ पासून लागू आहे, पुढे चालू आहे. व्यवस्था न्यायाची आहे, पण तिच्यामुळे एका घराला बारा-पंधरा सहमालक होतात, आणि गळती काढण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरेपर्यंत स्लॅब खचतो. म्हणून कुटुंबाने वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. वार्षिक देखभालीपुरता एक सामाईक निधी आणि त्याचा हिशेब ठेवणारी एक व्यक्ती, एवढा साधा लेखी समझोता चतुर्थीच्या दिवसांत, सगळे एकत्र असताना, करून घ्यावा. शहरातील घरांसाठी चलता क्रमांक आणि पी. टी. शीट (नगर भूमापनातील मिळकतीचा क्रमांक आणि नकाशाचे पान) यांच्या प्रती कुटुंबाने आपल्याजवळ ठेवाव्यात. तुमच्या नोंदपत्रात त्यांची गरज नाही.

सातवे काम: साजरे करणे

अमेरिकेतील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी शहरात २००६ पासून दर फेब्रुवारीत अशाच काळातील घरांचा उत्सव भरतो आणि तिकिटे काढून लोक ती पाहायला जातात. आपल्याकडे तिकिटाने सुरुवात करू नये. पावसाळ्यानंतर रंगरंगोटी झालेली असते, म्हणून डिसेंबरचा एखादा रविवार निवडावा. पंधराहून अधिक माणसे नसावीत, चालणे दीड तासाच्या आत संपावे, आणि जेथे घरच्यांनी स्वतः बोलावले आहे तेथेच आत जावे. घराची गोष्ट तुम्ही सांगू नये, घरातल्या माणसाने सांगावी. आमच्या पहिल्या फेरीत एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या जिन्याचा मोझाइकचा कठडा घासायला किती दिवस लागले होते हे सांगताना त्यावरून हात फिरवला, आणि मागोमाग प्रत्येकाने तसाच फिरवला.

फेरीच्या आठवडाभर आधी प्रत्येक यजमान घराला नोंदपत्राची स्वच्छ प्रत, मोठ्या आकारातील एक छायाचित्र आणि ग्रिलच्या मापांचा कागद नेऊन द्यावा. काही चुकीचे लिहिले असेल तर घरची मंडळी त्याच वेळी दुरुस्त करतात, आणि नको असलेली ओळ काढायला सांगतात. ती निमूटपणे काढावी आणि दुरुस्त प्रत पुन्हा पोचती करावी.